माद्रिदमध्ये मास्टर्स: खोली, पाद्रोन, कार्ड… आधी काय?

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून माद्रिदला एक वर्षाचं मास्टर्स आहे. वर्ग खेताफेला (माद्रिदच्या दक्षिणेचं गाव), कार्लोस तेर्सेरो विद्यापीठात. वय २४, व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा, म्हणजे तिथे पोचल्यावर ओळखपत्र काढावं लागणार एवढं कळलंय. स्पॅनिश कामचलाऊ आहे.

तीन खोल्या निवडून ठेवल्यात. खेताफेत ४३० युरो, कॉलेजला चालत. लाबापिएसला ४८० युरो, पण जाहिरातीत "इंतेरिओर" लिहिलंय आणि मालक म्हणतो "पाद्रोन होणार नाही". मोन्क्लोआत ६५० युरो, वीज-पाणी धरून, ११ महिन्यांचा करार. मन लाबापिएसकडे ओढतंय, कारण देशी दुकानं तिथेच आहेत.

विचारायचं असं की खोली, पाद्रोन, कार्ड, बँक, पास यांचा क्रम काय लावायचा? पाद्रोन नसलेली खोली घेतली तर नेमकं काय अडतं? आणि घरचा ॲल्युमिनियमचा कुकर आणावा का?

कागदीघोडा

लाबापिएसची खोली सोडा. बाकीचं नंतर बोलू.

पाद्रोन म्हणजे नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत आपलं नाव घालणं. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने ते करायचंच असतं, तो मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही. तुमच्या ओळखपत्राच्या (टी.आय.ई., तिथे "तीए" म्हणतात) अर्जाला पाद्रोनचा दाखला लागतो. मग बऱ्याच गोष्टी त्या कार्डावर अडतात: निवासी बँक खातं, अर्धवेळ नोकरी, डिजिटल प्रमाणपत्र. दरमहा वाचलेले पन्नास युरो पहिल्याच महिन्यात डोक्याला ताप होऊन परत येतात.

क्रम असा: पत्ता पूर्ण लिहिलेला करार (इमारत, मजला, दार, म्हणजे "३-ब" सुद्धा), मग पाद्रोन, मग कार्डासाठी बोटांचे ठसे. सिम आणि प्रवासाचा पास या साखळीत येत नाहीत, ते नुसत्या पासपोर्टवर होतात.

पण इथे एक गंमत आहे. पाद्रोन आणि ठसे या दोन्हींना आगाऊ वेळ (अपॉइंटमेंट) घ्यावी लागते, आणि अर्ज करायची मुदत स्पेनमध्ये पाऊल ठेवल्यापासून एक महिना. म्हणून दोन्ही वेळा एकाच दिवशी शोधायला बसा. पाद्रोन झाल्यावर ठशांची वेळ बघू म्हणणाऱ्यांचा महिना तिथेच संपतो. या शहरात नव्या विद्यार्थ्याच्या तोंडी एकच सीता असते: सिता प्रेबिया, म्हणजे हीच आगाऊ वेळ.

माद्रिद शहरात राहणार असाल तर पाद्रोनची वेळ नगरपालिकेच्या संकेतस्थळावर किंवा ०१० या क्रमांकावर मिळते, आणि शहरातलं कुठलंही नागरिक सेवा कार्यालय चालतं. जवळचं भरलेलं असेल तर लांबचं घ्या. खेताफेत राहिलात तर मात्र खेताफेच्या नगरपालिकेत जायचं. ती वेगळी नगरपालिका आहे, ०१० वाले काही करू शकत नाहीत. सोबत पासपोर्ट, करार (मूळ आणि प्रत) आणि भरलेला अर्ज. "बोलान्ते" नावाचा दाखला बहुधा तिथल्या तिथे देतात. तो तीन महिन्यांहून जुना झाला की पुढची कार्यालयं नाक मुरडतात, तेव्हा फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरामजला

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. करार तुमच्या नावावर आणि चालू असेल तर मालकाची वेगळी संमती लागत नाही. अडचण होते ती पोटभाडेकरू म्हणून राहताना. मूळ भाडेकरू तुम्हाला खोली देतो, करार साध्या कागदावर असतो किंवा नसतोच. अशा वेळी घरावर ज्याचा हक्क आहे त्याची सही अर्जातल्या संमतीच्या रकान्यात लागते, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. म्हणून खोली बघतानाच हे एक वाक्य विचारा: "मे पुएदो एम्पाद्रोनार आकी?" (इथे माझं पाद्रोन होईल का?) उत्तर "सी, क्लारो" (हो, अर्थात) आलं तर तेच व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

मोन्क्लोआच्या ११ महिन्यांबद्दल. अकरा महिन्यांचा करार आपल्याकडे घरोघरी ओळखीचा, त्यामुळे कोणाला खटकत नाही. तिथे त्यामागचं कारण वेगळं आहे. कायमच्या निवासाचा करार झाला की भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहायचा हक्क मिळतो. तो टाळायला "तेम्पोरादा", म्हणजे ठरावीक हंगामापुरता, करार करतात. तुम्ही खरंच एका वर्षासाठी जाताय, तेव्हा तुमच्या बाबतीत तो खोटा नाही. फक्त दोन फरक माहीत हवेत. निवासाच्या कराराला कायद्याने एक महिन्याची अनामत, हंगामी कराराला दोन महिन्यांची. आणि २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यापासून निवासाच्या करारात दलालाचं शुल्क मालकाने भरायचं, हंगामी करारात ते तुमच्या गळ्यात पडू शकतं. तेव्हा ६५० ऐकून थांबू नका. पहिल्या दिवशी एकूण किती द्यायचे आणि त्यातले परत किती मिळणार, हे दोन आकडे मागा.

"वीज-पाणी धरून" याचीही फोड करून घ्या. पुष्कळदा त्याला "तोपे" असतो, म्हणजे अमुक युरोपर्यंतच धरलेलं, वरचं तुमचं. जानेवारीत खोलीत विजेचा हीटर चालला की तोपे दोन आठवड्यांत ओलांडतो. जुन्या इमारतीत "कालेफाक्सिओन सेन्त्राल" असेल तर हिवाळा स्वस्तात जातो, कारण सबंध इमारतीचा एकच बॉयलर असतो आणि खर्च सोसायटीच्या वर्गणीत जातो. तापमान मात्र तुमच्या हातात राहत नाही.

आणि "इंतेरिओर" म्हणजे खिडकी रस्त्यावर नाही, आतल्या चौकात उघडते. शांत असते, उन्हाळ्यात थोडी गारही. पण खालच्या मजल्यावर असेल तर डिसेंबरात दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो आणि कपडे वाळत नाहीत. चौथ्या-पाचव्या मजल्यावरची इंतेरिओर चालते, पहिल्या मजल्यावरची नको.

न बघता पैसे पाठवू नका हे सांगायला नको, तरी सांगतो. "मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" हा सगळ्यात जुना सापळा. शंका आली तर मालमत्ता नोंदणी कार्यालयातून ऑनलाइन "नोता सिम्प्ले" मागवता येते, सुमारे दहा युरो लागतात. त्यात घराच्या मालकाचं नाव असतं. पैसे मागणाऱ्याच्या ओळखपत्राशी ते जुळतं का बघा. तोवर पहिले दहा-बारा दिवस हॉस्टेलात काढणं स्वस्त पडतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मागणी सगळ्यात जास्त असते, त्यामुळे जमलं तर ऑगस्टच्या अखेरीस पोचा. त्याआधी नको, ऑगस्टात निम्मं शहर सुटीवर असतं आणि कोणी फोन उचलत नाही.

कागदीघोडा

संमतीबद्दलची दुरुस्ती मान्य, मी ते घाईत गुंडाळलं होतं.

आता ठशांच्या दिवसाचे कागद: ई.एक्स.-१७ हा अर्ज, ७९०-०१२ या चलनाची भरलेली पावती, पासपोर्ट, आणि त्यातल्या फोटोच्या, व्हिसाच्या व प्रवेशशिक्क्याच्या पानांच्या प्रती, पाद्रोनचा दाखला, प्रवेशपत्राची प्रत, एक फोटो. फोटो ३२ × २६ मिमी, पांढरी पार्श्वभूमी. आपल्याकडचे व्हिसाचे मोठे फोटो कापून बसवू नका, चेहरा प्रमाणात येत नाही. तिथल्या फोटोयंत्रावर "कार्ने" (ओळखपत्राचा) आकार निवडा.

चलनात बरेच प्रकार आहेत आणि चूक इथेच होते. तुम्हाला हवा "प्रिमेरा कोन्सेसिओन" लिहिलेला, म्हणजे पहिल्यांदा मिळणाऱ्या परवान्याच्या कार्डाचा. त्याखालचाच नूतनीकरणाचा आहे. त्यावर टिचकी मारली की रक्कम बदलते आणि खिडकीवरून परत पाठवतात. पैसे भरायला बँकेत जाणार असाल तर सकाळी लवकर जा. ज्यांचं खातं नाही त्यांच्याकडून अशी चलनं बऱ्याच शाखा ठरावीक वारी आणि सकाळच्या ठरावीक वेळेतच घेतात.

मुंबईहून निघताना एक बघा. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे आलात तर शेंगेनचा शिक्का तिथेच बसतो आणि माद्रिदला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. स्पेनमध्ये कधी आलात याचा पुरावा राहत नाही. अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत पोलिसांकडे "देक्लारासिओन दे एन्त्रादा", म्हणजे प्रवेशाची नोंद, करायची असते. बोर्डिंग पास टाकून देऊ नका. दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे आलात तर शिक्का माद्रिदलाच.

ठसे झाले की एक पावती देतात, "रेस्ग्वार्दो". कार्ड साधारण महिना-दीड महिन्याने तयार होतं आणि ते घ्यायला काही कार्यालयांत पुन्हा वेळ घ्यावी लागते. वेळ दिसतच नसेल तर रोज त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. प्रयत्न करत होतो हे दाखवायला उपयोगी पडतो. रद्द झालेल्या वेळा दिवसभर सुट्या-सुट्या परत येत असतात, आणि माद्रिद प्रांतातलं दुसऱ्या गावचं कार्यालयही चालतं. वेळ फुकट असते. ती विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

लोकलवाला

प्रवासाचं गणित वेगळं मांडतो, म्हणजे खोली निवडणं सोपं जाईल.

खेताफेच्या कॅम्पसजवळ लोकलचं (सेर्कानियास) स्थानक आहे, लास मार्गारितास, सी-४ मार्गावर. हीच गाडी आतोचा आणि सोल या मध्यवस्तीतल्या स्थानकांवर थांबते. लाबापिएसमधून आतोचा चालत गाठता येतं. सोलहून कॅम्पस पंचवीसेक मिनिटं. मोन्क्लोआहून मेट्रो ३ ने सोल, तिथून सी-४, सगळं मिळून पाऊण-एक तास धरा. एप्रिल २०२५ पासून मेट्रो ३ एल कासारपर्यंत गेली आहे, तिथे खेताफेची मेट्रो १२ मिळते, त्यामुळे सी-४ रखडली तरी दुसरा रस्ता आहे. मोन्क्लोआ छान वस्ती, पण ती कोम्प्लुतेन्से आणि पोलितेक्निका या विद्यापीठांतल्यांसाठी. तुमचे वर्ग दक्षिणेला असताना उत्तर-पश्चिमेला ६५० मोजण्यात हशील नाही. मधला पर्याय म्हणजे बियाबेर्दे किंवा उसेरा, दोन्ही शहराच्या हद्दीत आणि भाडं मध्यवस्तीपेक्षा कमी.

पास: २६ पूर्ण होईपर्यंत "आबोनो होबेन", म्हणजे तरुणांचा पास. मूळ दर ३० दिवसांना २० युरो, अनुदान चालू असेल तर त्याहून कमी. तो सगळ्या विभागांत चालतो, शहर असो, खेताफे असो की थेट तोलेदो. म्हणजे तुमच्या वयाला लांब राहिल्याचा प्रवासखर्च शून्य, खर्च फक्त वेळेचा. विमानतळावरच्या मेट्रोचा ३ युरोंचा अधिभारही या पासवर लागत नाही. पास नावाच्या आणि फोटोच्या कार्डावर भरतात. कार्ड ऑनलाइन मागवलं तर टपालाने येतं, आणि पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर परत जातं. त्यामुळे नवख्याने कार्यालयात वेळ घेऊन हातात घ्यावं. ३० दिवस पहिल्या वापरापासून मोजतात, तेव्हा महिना सुरू व्हायची वाट बघू नका.

मेट्रो सकाळी ६ ते रात्री १:३०. त्यानंतर "बुओ" म्हणजे घुबड नावाच्या रात्रबस, बहुतेक सिबेलेसहून सुटतात.

जिरेमोहरी

कुकरचं कोणी बोललंच नाही!

आधी घरमालकाला शेगडीचा फोटो मागा. काळी काच दिसली म्हणून ठरवू नका, त्यात दोन जाती. "बित्रोसेरामिका"त काचेखालची तार लाल होते, त्यावर ॲल्युमिनियम चालतं, पण बूड सपाट हवं. आपल्या बऱ्याच कुकरांचं बूड थोडं गोलसर असतं, मग मधला रुपयाएवढा भाग तापतो आणि शिट्टी यायला अर्धा तास. "इंदुक्सिओन"वर ॲल्युमिनियम अजिबात तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं चालेल. गॅस असेल तर नारिंगी "बोंबोना", १२.५ किलोची. ती दारात येते, पण वर चढवून देणाऱ्याला सकाळी घरी कोणीतरी लागतं.

माझं मत विचाराल तर इंडक्शनला चालणारा स्टीलचा तीन लिटरचा आणा, तिन्हींवर चालतो. तिथे मिळणाऱ्या "ओया रापिदा"ला शिट्ट्या होत नाहीत, खुंटी वर आली की घड्याळ लावायचं. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ १०–१२ मिनिटं, भिजवलेले हरभरे २०–२५. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर, पुण्याहून थोडंच उंच. पुण्यातले अंदाज तसेच चालतात.

लाबापिएसला महिन्यातून एकदा गेलं तरी पुरतं. तिथून आणायचं ते तूरडाळ, पोहे, कणीक, हिंग, कढीपत्ता. तिथल्या सुपरमार्केटातलं "आरिना इन्तेग्राल" पोळीला घेऊ नका, कोंडा जाडा असतो आणि पोळी कडेला फाटते. बाकीचं कोपऱ्यावर मिळतं: बेसन म्हणजे "आरिना दे गार्बान्सो", रवा म्हणजे "सेमोला", मसूर म्हणजे "लेन्तेहा". कोथिंबीर "सिलान्त्रो". शेजारीच तशीच दिसणारी "पेरेहिल" असते, ती घेतली तर आमटीला गवताचा वास. दह्याच्या डब्यावर नुसतं "नातुराल" बघून फसू नका, "आसुकारादो" असेल तर साखर घातलेली असते आणि कढी बिघडते. मेर्कादोना रविवारी बंद, पण शहरात बाकी बरंच उघडं असतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" (मांसाशिवाय) एवढं पुरत नाही. "कार्ने" म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांसमोर गोमांसाचा तुकडा येतो, हॅम आणि ट्यूना त्यात धरत नाहीत. "एन्सालादा मिक्स्ता" मागवली तर वर ट्यूना हमखास. म्हणून "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून" अशी तिन्ही नावं घ्या. "तोर्तिया" म्हणजे मेक्सिकोची पोळी नाही, बटाट्याचं जाड ऑम्लेट.

फ्यूजउडाला

कुकरवरून आठवलं. भाड्याच्या घरात विजेचा मंजूर भार बघून घ्या, "पोतेन्सिया कोन्त्रातादा", बिलावर असतो. जुन्या घरांत बऱ्याचदा ३.४५ किलोवॅट. ओव्हन दोनेक किलोवॅट, शेगडीची एक चकती दीड-दोन, कपड्यांचं यंत्र पाणी तापवताना दोन, खोलीतला हीटर दीड. यातलं एका वेळी कुठलंही एक चालतं, जोडीला दुसरं आलं की घरभर अंधार. अशा वेळी आधी एक उपकरण बंद करा, मग दाराजवळच्या पेटीतली मुख्य कळ खाली करून काही सेकंद थांबा आणि वर करा. नवे मीटर स्वतःच पुरवठा तोडतात. पेटीत सगळ्या कळा वरच दिसतात म्हणून लोक गोंधळतात. कळ न हलवता कितीही वाट पाहिली तरी वीज येत नाही.

दराचे तीन काळ असतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० सगळ्यात महाग. रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस सगळ्यात स्वस्त. कपडे शनिवारी धुवा, फक्त करार असा काळानुसार दराचा आहे का ते बघून. गरम पाण्याची टाकी ५० लिटरची असेल तर चार जणांत चौथ्याला गारच पाणी, तेव्हा आंघोळीच्या वेळा आधीच वाटून घ्या.

आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथे शिरत नाही. बारीक गोल दोन पिनांचा बहुधा शिरतो. एक अडॅप्टर आणि त्यावर घरचा एक्स्टेंशन बोर्ड, एवढं पुरे.

इंद्रायणीकाठ

धन्यवाद मंडळी, लाबापिएस रद्द. आता खेताफे किंवा बियाबेर्दे. दोन उपप्रश्न. अर्धवेळ काम करता येतं का? आणि डिसेंबरात घरी येऊन गेले तर चालेल का?

कागदीघोडा

काम: उच्चशिक्षणाच्या परवान्यावर आठवड्याला ३० तासांपर्यंत चालतं, वेगळा परवाना काढावा लागत नाही. अट एवढीच की वर्गांच्या आड येता कामा नये. पण कार्ड आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक नसेल तर कोणी करार करत नाही, म्हणजे प्रत्यक्षात नोव्हेंबर उजाडतो. तोवरचा खर्च हाताशी ठेवा.

डिसेंबर: कार्ड हातात असेल तर खुशाल या. व्हिसाची मुदत संपली आणि कार्ड अजून आलं नाही, अशा फटीत देशाबाहेर पडलात तर परत येताना विमानातच चढू देणार नाहीत. त्यासाठी निघण्याआधी "औतोरिसासिओन दे रेग्रेसो", म्हणजे परतीची परवानगी, काढतात, अर्ज ई.एक्स.-१३, मुदत ९० दिवस. त्यालाही वेळ घ्यावी लागते. तिकीट काढण्याआधी व्हिसाच्या स्टिकरवरची शेवटची तारीख बघा.

वहीपेन

तिकिटाची तारीख ठरवताना परीक्षांचंही वेळापत्रक बघा. पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारीत असतात, म्हणजे नाताळची सुटी प्रत्यक्षात अभ्यासाची. आणि मास्टर्सला "एबालुआसिओन कोन्तिनुआ" (सत्रभर चालणारं मूल्यमापन) असेल तर गुण हजेरी, सादरीकरण आणि आठवड्याच्या कामात वाटलेले असतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा बुडवला तर जानेवारीच्या पेपरला ते भरून निघत नाही. विषयाच्या माहितीपत्रकात ("गिया दोसेन्ते") टक्केवारी दिलेली असते, पहिल्याच आठवड्यात वाचा.

गुण १० पैकी, ५ ला पास. ७ पासून "नोताब्ले" (खूप चांगला), ९ पासून "सोब्रेसालिएन्ते" (उत्कृष्ट). त्याच्या वरचा "मात्रिकुला दे ओनोर" वर्गातल्या ५ टक्क्यांहून जास्त जणांना देता येत नाही. आपल्या विद्यापीठांच्या टक्केवारीशी ७ ची तुलना करून घाबरू नका, तिथे तो चांगला आकडा आहे.

वर्षाला ६० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. विषय राहिला तर त्याच वर्षी दुसरी संधी मिळते. तीही गेली आणि पुढच्या वर्षी तो विषय पुन्हा घ्यावा लागला तर सरकारी विद्यापीठात त्याच क्रेडिटचं शुल्क पहिल्यापेक्षा जास्त लागतं. शिवाय कार्डाचं नूतनीकरण करावं लागतं. त्याचा अर्ज मुदत संपण्याआधी दोन महिन्यांपासून करता येतो, आणि तेव्हा अभ्यासातली प्रगती दाखवावी लागते.